कातळाची पट्टी

ट्रॅक्टरमागं ओढून ढेकळं फोडायचा हॅरो तयार झाला तेव्हा भात कापून झालं होतं, खाचरांत नुसती धसकटं उभी होती आणि मातीत अजून ओल होती. ही ओल उडून जायच्या आत जमीन भुसभुशीत करून वाल टाकले, तर या वर्षी जगायला बाहेर जावं लागणार नाही, असं कमलेशनं ठरवलं होतं. दिवाळी सरली की पोशेऱ्याच्या त्यांच्या पाड्यावरची निम्मी दारं बंद व्हायची. माणसं बिऱ्हाड बांधून भिवंडी-वसईकडे निघायची. कमलेश आणि सुनिताही आजवर तशीच जात आली होती. तिकडेच एका शेडमध्ये कमलेश वेल्डिंग शिकला, आणि यंदा घरी राहायचं म्हणून त्यानं अंगणात मोहाच्या झाडाखाली लोखंड पसरलं.

चुलतभाऊ माघ्याकडे छोटा ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टर माघ्याचा, हॅरो कमलेशचा, आणि दोघांनी मिळून गावातली शेतं करून द्यायची, असं तोंडी ठरलं होतं. पण माघ्या मोखाड्याच्या बाजारात 'आमचा हॅरो' म्हणतो हे कमलेशच्या कानावर आलं होतं, आणि कमलेश रोज संध्याकाळी नवे बेअरिंग घरात नेऊन ठेवतो हे माघ्याच्या आईनं, फागीनं, पाहून ठेवलं होतं.

जव्हारच्या भंगारातून आणलेल्या लोखंडी चॅनेलची चौकट, नाशिकहून मागवलेले माती कापायचे गोल तवे. पुढं तव्यांच्या दोन रांगा, मागं दोन. पुढचे तवे दातेरी, धसकटं कापायला. मागचे साध्या कडेचे. पुढच्या रांगांनी माती बाहेर फेकायची, मागच्यांनी ती परत आत ओढून सपाट करायची. एकदा तर एक रांग जोडून झाल्यावर कमलेशच्या लक्षात आलं की तव्यांची खोलगट पोटं उलट्या बाजूला आहेत. मग आस पुन्हा काढून सगळे तवे, मधली नळकांडी, बेअरिंग पहिल्यापासून घालावी लागली. त्या दिवशी ओट्यावर बसलेली धाकली आत्या पोट धरून हसली होती.

धाकली ही सुनिताच्या सासऱ्याची, वामनची, धाकटी बहीण. तरुणपणीच नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली, ती परत गेली नाही. तिच्या बापानं मरायच्या आधी खाचराच्या डाव्या अंगाची पट्टी तिला दिली, मधे बांध घातला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ही धाकलीची. सातबारावर मात्र वामनचंच नाव राहिलं. तेव्हापासून आत्या ती पट्टी एकटी कसत होती, आणि दर वर्षी म्हणत होती की बांध माझ्याकडं सरकतोय. दर वर्षी घरातले हसून सोडून देत होते. सुनिता लग्न होऊन आली तेव्हा तिलाही सांगण्यात आलं होतं, की आत्याला बांधाचं वेड आहे, फार मनावर घेऊ नको.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी कमलेशनं रांगांचा तिरपेपणा जुळवला. ट्रॅक्टरला जोडायच्या कडीशी दोरीचं टोक सुनितानं धरलं. दुसरं टोक डाव्या रांगेच्या शेवटच्या तव्यापर्यंत ताणून कमलेशनं गाठ मारली, मग तीच गाठ उजव्या रांगेला लावून पाहिली. रांगेच्या पट्टीला तीन भोकं होती. पिन पहिल्या भोकात घातली की तवे नुसते गडगडत जायचे, दुसऱ्यात घातली की रांग तिरपी होऊन माती कापायची, तिसऱ्यात आणखी खोल. त्यानं सगळीकडे दुसरं भोक धरलं.

"सारखा हाय ना?" त्यानं विचारलं.

"सारखा हाय," सुनिता म्हणाली.

कमलेशनं उभं राहून खाचराकडे पाहिलं. "हा बांध मधे नसता ना, तर ट्रॅक्टर एका दमात वळला असता."

तो सहज बोलला असेल. पण ओट्यावर नागली पाखडणाऱ्या आत्याचा हात थांबला. वामननं आतून खाकरून सांगितलं, "बांधाच्या कडेला नेऊच नका रे. तिथं कातळ हाय. तवे फुटतील."

"माहीत हाय, बाबा."

कातळाची गोष्ट सगळ्यांनाच माहीत होती. खाचराच्या त्या कडेची पट्टी नांगरताना वामन दुसऱ्या कुणाच्या हातात नांगर द्यायचा नाही, आणि तिथं आला की फाळ उचलून धरायचा.

पहाटे सुनिताला जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण मोकळं होतं. बाहेर लोखंडावर लोखंड वाजल्याचा आवाज आला. कमलेश ग्रीस भरत असेल, असं म्हणून तिनं कूस बदलली. नंतर दिवसभर तिला तो आवाज आठवत राहिला.

उजाडल्यावर माणसं जमली. माघ्यानं ट्रॅक्टर धुऊन आणला होता. फागीकाकी नवं लुगडं नेसून आली होती, जणू हॅरो तिच्याच घरात जन्मला होता. कमलेशची आई गेल्यापासून घरातली वडीलधारी बाई म्हणजे आत्या, म्हणून हॅरोची पूजा तिनंच करायची हे ठरलेलं होतं. तिनं हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला आणि सगळ्यांना हातानं मागं सारलं. "देवाचा करते हाय. अंगावर येऊ नका." माणसं अंगणाच्या कडेला चहा पीत उभी राहिली. मग नारळ फुटला, कमलेशनं हॅरो ट्रॅक्टरला जोडला, चौकटीवर वाळूची पोती चढवली आणि माघ्या निघाला.

पहिले काही हात ठीक गेलं. धसकटं कटाकट तुटून मातीत मिसळत होती, मागं काळी भुसभुशीत पट्टी उलगडत होती, आणि माणसांनी ओरडून दाद दिली. मग सुनिताला दिसलं, की ट्रॅक्टर सरळ चाललाय, पण मागचा हॅरो त्याच्या पाठोपाठ नाही. तो तिरका होत डावीकडे सरकतोय. माघ्या मान वळवून पाहत होता आणि स्टिअरिंग दाबत होता. हॅरो कातळाच्या पट्टीवर गेला. तवे खणखण वाजले, चौकट उसळली, काही दगड उलटून वर आले, आणि पुढच्याच क्षणी डावीकडचे तवे आत्याच्या बांधावर चढले. बांधाचा माणूसभर तुकडा ढासळून तिच्या पट्टीत पडला.

"थांब! थांब!" कमलेश मागून ओरडला.

इंजिन बंद झालं. कुणी काही बोलायच्या आधी आत्या चालत गेली, आणि हॅरोमागं जमिनीवर मांडी घालून बसली.

"मला इथून कोणी उठवायचा नाय," ती म्हणाली.

कमलेश हॅरोखाली वाकला. पुढच्या उजव्या रांगेची पिन तिसऱ्या भोकात होती.

"कोणी हलवली ही?" तो उभा राहून माघ्याकडे पाहत म्हणाला.

"माझ्याकडं काय बघतो?" माघ्या ट्रॅक्टरवरून उतरला. "मी तर आत्ता ट्रॅक्टर घेऊन आलो. हॅरो रात्रभर तुझ्या अंगणात."

"काल संध्याकाळी तू आला नव्हता? डिझेलचा डबा न्यायला?"

"डबा न्यायला आलो म्हणजे पिन हलवायला आलो? मला काय मिळणार त्यातून?"

"हॅरो वाकडा चालतो असा लोकांनी बघितला की काम तुझ्या मनासारखा होईल. मग तू जव्हारवरून दुसरा आणशील."

"आणि तुला काय मिळणार ते मी सांगू?" माघ्यानं ढासळलेल्या बांधाकडे बोट केलं. "बांध नसता तर ट्रॅक्टर एका दमात वळला असता. कोण बोलला होता?"

ते बोलणं माघ्यापर्यंत कसं पोचलं, हे सुनितानं विचारायची गरज नव्हती. काल फागीकाकी कुंपणापलीकडे भांडी घासत होती.

आता फागीकाकीच पुढं आली. एरवी धाकलीशी तिचं पाण्यावरून, कोंबड्यांवरून, सगळ्यावरून वाजायचं. आज तिनं पदर खोचला. "बिचारी बाई इतकी वर्षं सांगते हाय की बांध खातात. तुम्ही हसत होता. आता डोळ्यांसमोर खाल्ला ना? माझ्या पोराच्या अंगावर ढकलू नका. यंत्र कुणी बनवला? पिना कुणी घातल्या?"

"फागी, तू गप," वामन म्हणाला. तो इतका वेळ जागचा हलला नव्हता. "एवढा काय झाला हाय? बांध पडला, बांध घालू. मी आत्ता फावडा आणतो. कमलेश, हॅरो काढ तिथून."

त्याला घाई झाली होती. एवढी घाई सुनितानं त्याच्यात कधी पाहिली नव्हती. वीज पडून गोठा जळाला तेव्हासुद्धा हा माणूस आधी बिडी पेटवून मग उठला होता.

"वयनी," माघ्या तिच्याकडे वळला, "तू खरा सांग. काल मोजला तेव्हा तू होतीस."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. कमलेशही. त्याच्या नजरेत काय आहे ते तिला कळेना. ती विनवणी नव्हती, भीतीही नव्हती. तो जणू वाट पाहत होता.

"दोरी मी धरली होती," ती म्हणाली. "दोन्हीकडं सारखा होता. त्यानं काय केला नाय."

पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं तिला माहीत नव्हतं. पहाटेचा तो लोखंडाचा आवाज तिच्या कानात पुन्हा वाजला, आणि सगळ्यांसमोर नवऱ्याची बाजू घेत असताना तिच्या मनानं त्याला सोडून दिलं होतं.

माघ्यानं हॅरोची कडी सोडवली आणि ट्रॅक्टर घेऊन निघून गेला. फागीकाकी त्याच्या मागं. हॅरो खाचरातच उभा राहिला, एक अंग बांधावर चढवून. वामन फावडं घेऊन आला, पण आत्या वाटेतच बसली होती. "ऊठ, धाकले," तो दोनदा म्हणाला. तिनं मानही वर केली नाही. शेवटी तो फावडं टाकून घरात गेला आणि दार लोटून घेतलं.

दुपारी सुनिता भाकरी, चटणी आणि पाण्याचा तांब्या घेऊन खाचरात गेली. ऊन चढलं होतं. लांबून आत्या बांधाशी बसलेली दिसत होती, तशी ती सकाळपासून सगळ्यांनाच दिसत होती. जवळ गेल्यावर सुनिता थबकली. आत्या बांधाशी बसलीच नव्हती. बांध तिच्यापासून चांगला तीन-चार हात लांब होता. ती वामनच्या खाचरात, कातळाच्या पट्टीवर बसली होती.

"आत्या, इथं काय बसली? बांध तर तिकडं पडला."

"बांध तिकडं पडला," आत्या म्हणाली. "बांध इथं हाय."

तिनं लुगड्याचा घोळ बाजूला केला. तव्यांनी उपटलेल्या मातीत दगड दिसत होते. सुनितानं तोपर्यंत तिथं कातळ आहे एवढंच ऐकलं होतं. कातळ असता तर एक सलग खडक दिसला असता. हे सुटे दगड होते, माणसानं आणून एकाला एक लावलेले, मोठे खाली, लहान फटींत. आणि ती रांग दोन्ही अंगांना सरळ मातीखाली गेली होती.

सुनिता खाली बसली. तिनं बोटानं एका दगडाभोवतीची माती उकरली. त्याच्या पलीकडे दुसरा होता.

"बानं घातलेला पाया हाय," आत्या म्हणाली. "मी दगड वाहिले हायत त्याला. डोक्यावरून, खालच्या ओहोळातून. दादा पण होता. त्याला माहीत हाय."

"मग वरचा बांध?"

"वरची माती ढकलायला कितीसा लागतो? दर पावसाळ्यात नांगराचा एक तास इकडून खायचा, तिकडं थापायचा. दगड कोण उचलणार? ते राहिले खाली. म्हणून तिथं फाळ उचलायचा, म्हणून दुसऱ्याला नांगर नाय द्यायचा. कातळ!" ती थुंकली.

सुनितानं तिला उठवायला हात पुढं केला. आत्यानं हात दिला नाही, पण तांब्या घ्यायला तळवा उघडला. तळव्यावर सकाळची हळद होती, आणि हळदीखाली, रेघांत, काळं ग्रीस.

दोघी त्या हाताकडे पाहत राहिल्या. आत्यानं तो लपवला नाही.

"पूजा करताना?" सुनितानं विचारलं.

"तुझ्या नवऱ्यानंच शिकवला. किती दिवस बसले त्याच्यापुढं! मी विचारला, इकडं दुसरा नि तिकडं तिसरा घातला तर काय होईल? बोलला, आत्या, उजवी रांग माती जोरानं उजवीकडं फेकेल, लोखंड डावीकडं सरकेल, नि हॅरो चढेल तुझ्या बांधावर. बोलला नि हसला." तिनं पाण्याचा घोट घेतला. "मी पण हसले."

"बांध मोडायला?"

"बांध मोडला नसता तरी चालला असता. मला तवे या पट्टीवरून न्यायचे होते. माणूस फाळ उचलतो. लोखंडावर पोती टाकली की लोखंड काय उचलणार?" मग तिचा आवाज उतरला. "दादानं मोजणीवाला बोलावला हाय. पुढल्या महिन्यात. जावयाशी बोलत होता फोनवर, मी ऐकला. मोजणी झाली की माझी पट्टी कागदावर कुठं? तोंडानं सांगेन तर आतासारखेच हसतील."

"सांगायचा तरी होता, आत्या. तिकडं दोघे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले हायत. मी…" सुनिता थांबली. मी नवऱ्याला चोर समजले, हे तिला बोलवेना.

"कुणाला सांगणार? तुला? तू त्या घरातली." आत्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "आता तुला कळला हाय. जाऊन सांग, म्हातारीनं पिन हलवली. सगळे मोकळे होतील. दगडांवर माती जाईल नि मी खोटी ठरेन. नायतर नको सांगू. तुझी मर्जी."

ती खाऊ लागली. सुनिता उठली आणि परत निघाली. वाटेत तिनं दोन्ही गोष्टी मनात फिरवून पाहिल्या. पिन आधी सांगितली तर घरातले पिनेवरच अडकून बसतील. सासरा तर पिनेलाच धरून ठेवेल. दगड आधी दिसले पाहिजेत.

ती घरी न जाता आधी माघ्याच्या दारात गेली. "काकी, माघ्याभाऊ, खाचरात चला. बांध कुणी मोडला ते दाखवते."

फागीकाकी चुलीवरची कढई उतरवून निघाली. कमलेश पडवीत गुडघ्यात डोकं घालून बसला होता. त्यालाही तिनं उठवलं. सासऱ्याच्या दारावर थाप मारून ती म्हणाली, "बाबा, आत्या बोलावते." आणि उत्तराची वाट न पाहता पुढं झाली.

खाचरात सगळे जमल्यावर सुनितानं आत्याला हात धरून उठवलं. या वेळी आत्या उठली. खालची दगडांची रांग उघडी पडली.

माघ्या उकिडवा बसला. "हा कातळ नाय," तो म्हणाला. "हा तर पाया हाय."

कमलेशनं टिकाव घेतला आणि पुढं दोन ठिकाणी माती उकरली. दोन्हीकडे तसेच दगड, त्याच ओळीत. त्यानं टिकाव खाली ठेवला आणि बापाकडे पाहिलं.

वामन बांधाकडे तोंड करून उभा होता. "जुना काहीतरी असेल," तो म्हणाला. "बाच्या आधीचा."

"दादा," आत्या म्हणाली, "तो खालचा मोठा दगड तुझ्या पायावर पडला होता. नख गेला होता. पाय दाखव."

वामननं पाय मागं घेतला. नुसता एक पाऊलभर. पण सगळ्यांनी ते पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला, जसं काही आत धरून ठेवलेलं वजन त्यानं खाली ठेवलं.

"मला वाटला, तू परत जाशील," तो म्हणाला. "नवऱ्याकडं. पहिल्या साली वाटला, दुसऱ्या साली वाटला. माती पडून राहण्यापेक्षा… एक तास घेतला. मग दर साली एक. मग थांबताच येईना."

"पहिल्या साली मला पण वाटला होता, मी परत जाईन," आत्या म्हणाली. "मी बांध खाल्ला नाय."

मग ती सगळ्यांकडे वळली, आणि सुनितानं तोंड उघडायच्या आधी स्वतःच म्हणाली, "पिन मी हलवली. पूजेच्या वेळी. पोरांचा काय दोष नाय."

माघ्या तोंड उघडं टाकून तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याला हसू फुटलं. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. कमलेश मात्र हसला नाही.

"ठीक हाय," वामन म्हणाला. "पावसाच्या आधी बांध हलवू."

"आज," आत्या म्हणाली.

"आता उन्हाचा…"

"आज, दादा. मी घरात येणार नाय तोवर."

कमलेश आणि माघ्यानं फावडी घेतली. सकाळी एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले दोघे आता पाठीला पाठ लावून माती ओढू लागले. वामन काही वेळ उभा राहिला, मग लांब जाऊन सागाच्या सावलीत बसला. त्यानं कामाला हात लावला नाही, पण उठूनही गेला नाही.

सगळं मिटेल असं सुनिताला वाटत होतं, तेवढ्यात फागीकाकी बोलली. ती इतका वेळ गप्प होती, हेच नवल होतं.

"वामनभाऊ, आमच्या आणि तुमच्या मधला बांध पण तुम्हीच नांगरता. त्या कडेला पण तुम्ही फाळ उचलता का?"

"तुमच्या बांधाला मी हात लावला नाय."

"धाकलीच्या बांधाला पण लावला नव्हता सकाळपर्यंत."

"आये!" माघ्या ओरडला.

"ओरडू नको. उद्या हॅरो आमच्या बांधाकडेनं फिरव. मला बघायचा हाय."

वामननं सागाखालून मान हलवली. तो होकार होता की नुसतं वैतागणं, कळलं नाही. पण आता त्याचं काहीही कुणी साधेपणानं ऐकणार नव्हतं. हे त्यालाही कळलं असावं.

दिवस कलता कलता बांध दगडांवर उभा राहिला. आत्यानं त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं आणि मग घरी गेली. माघ्या ट्रॅक्टर आणायला गेला. खाचरात कमलेश आणि सुनिता राहिले. कमलेश हॅरोचे तवे तपासत होता. दोन-तीन तव्यांच्या कडा दगडांनी मुडपल्या होत्या.

"पहाटे तू काय करत होतास?" सुनितानं विचारलं.

"ग्रीस भरत होतो."

"आणि हॅरो जोडताना? तेव्हा पिना बघितल्या नाय?"

मुडपलेल्या कडेवरून तो अंगठा फिरवत राहिला. तेवढ्यानंच तिला सगळं कळलं, तरी तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बघितल्या," तो शेवटी म्हणाला. "जोडताना मी दरवेळी हात फिरवतो. उजवी तिसऱ्यात होती. पिनेवर हळद होती."

"मग काढली का नाय?"

"लहानपणी एकदा त्या पट्टीत खेळत होतो. एक दगड उकरला होता मी. बाबानं मारला. तेव्हापासून मला वाटायचा तिथं काहीतरी हाय. विचारला असता तर त्यानं मला घराबाहेर काढला असता." त्यानं पुढचा तवा हातानं फिरवला. "मला दगड बघायचे होते. आत्याला पण तेच बघायचा हाय, हे हळद बघून कळला."

"मग माघ्यावर का धावलास?"

"घाबरलो. बाबा बघत होता. काहीतरी बोलायला पाहिजे होता."

सुनितानं त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याचा अभिमान वाटावा असं त्यात काही होतं, आणि त्याला ढकलून द्यावं असंही होतं. "मी सगळ्यांसमोर बोलले, त्यानं काय केला नाय," ती म्हणाली. "नि मनात तुला चोर समजत होते. दिवसभर. तू मला एक शब्द सांगितला असता तर?"

"तू बाबाच्या तोंडावर लपवू शकली नसतीस."

"ते मी ठरवणार होते," ती म्हणाली, आणि टिकाव उचलून एकटीच घराकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फागीकाकीच्या बांधाकडेला पुन्हा माणसं जमली. वामनही आला होता आणि सगळ्यांपासून थोडा वेगळा उभा होता. आत्या नव्या बांधावर बसून लांबूनच पाहत होती. कमलेशनं हॅरो जोडला, पिनांवर हात फिरवला आणि बाजूला होऊन म्हणाला, "सगळ्या दुसऱ्यात हायत."

माघ्यानं इंजिन चालू केलं.

"थांबा," सुनिता म्हणाली.

ती हॅरोपाशी गेली आणि वाकली. पुढची डावी, पुढची उजवी, मागच्या दोन्ही. एकेका पिनेवर तिनं बोट ठेवलं, भोकं मोजली, पिन अडकली आहे की नाही ते ओढून पाहिलं. कमलेश तिथंच उभा होता आणि त्यानं नजर वळवली नाही. शेवटची पिन पाहून ती उठली, हाताचं ग्रीस गवताला पुसलं, आणि मगच तिनं माघ्याला हात केला.